दोनदा ऐकलेली चालती बेटे

मित्रांनो, मी एक जुनी, बिनमुठीची सुरी आहे. क्युबातल्या एका चिरूट कारखान्यात माझा जन्म गेला. तिथे मला चावेता म्हणतात. मला मूठ नाही, टोक नाही. आहे ते एक रुंद पाते आणि त्याची गोलसर धार. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या मला पाहून नाक मुरडतील. मुरडू देत. त्यांनी आयुष्यभर कांदे चिरले. मी मात्र धुक्याच्या राण्या, बोलणारे मासे आणि रात्री उठून चालू लागणारी बेटे ऐकली आहेत, आणि तीही एकदा नाही, दोनदा.

मी मूळची करवत. आमच्या गावातल्या लोहाराने एका मोडक्या करवतीचे दात घासून टाकले आणि त्या पोलादातून मला आणि माझ्या बहिणींना कापून काढले. बहिणी कुठे गेल्या, देव जाणे. मला एका बापाने विकत घेतले आणि मुलगी कारखान्यात कामाला लागली त्या सकाळी तिच्या हातात ठेवले. "सुरी आपली असावी," तो म्हणाला. "उसन्या सुरीने पान फाटतं." ती मुलगी म्हणजे एदेल्मिरा. तिचा तळवा तेव्हा मऊ होता. पुढे तो माझ्याइतकाच निबर झाला.

माझे काम दिसायला सोपे आहे. तंबाखूचे पान फळीवर पसरायचे, मी त्याच्या कडेने फिरायचे, मग सपाट बाजूने चिरूट लाटून गुळगुळीत करायचा. पण खरे सांगू का? मला मान मिळाला तो दुसऱ्याच कामासाठी. आमच्या दालनात कोणी टाळ्या वाजवत नाही. हात डिंकाने बरबटलेले असतात, टाळी वाजणार कशी? काही आवडले की माणसे आपापली सुरी फळीवर ठोकतात. शेदीडशे सुऱ्या एकदम वाजल्या की छपरावरची कबुतरे उडतात. आणि काही आवडले नाही, तर सुरी जमिनीवर टाकून देतात. त्या आवाजाने चांगल्या चांगल्यांच्या तोंडचे पाणी पळते.

ही दाद असते वाचकाला. दालनाच्या मधोमध एक उंच चौथरा आहे आणि त्यावर खुर्ची. चिरूट वळताना हात गुंततात, कान मोकळेच राहतात. म्हणून एक माणूस त्या खुर्चीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचक कोण असावा ते कामगार मत देऊन ठरवतात आणि पुस्तक कोणते तेही. साहेब लोक त्यात तोंड घालत नाहीत.

माझ्या तरुणपणी आमचा वाचक होता एव्हेलिओ. किडकिडीत अंगाचा, जाड मिशांचा. पण तो राणीचे बोलणे वाचू लागला की मिशांसकट राणी वाटायचा. एकदा जुनी कादंबरी संपली आणि नवी निवडायची वेळ आली, तेव्हा त्याने कारखान्याच्या कपाटातून एक जाडजूड ग्रंथ काढला. असे पाच भाग होते. 'चालत्या बेटांची गाथा'. त्याने थोडक्यात सांगितले : एक समुद्र आहे, त्यातली बेटे रात्री चालतात. सकाळी कोणते बेट कुठे असेल ते फक्त ओर्दान नावाच्या नावाड्याला कळते, कारण तो पाण्याला कान लावून ऐकतो. त्याच्या नावेत लुमा नावाची एक मुलगी बसली आहे. ती झोपेत असताना तिचे बेट तिला किनाऱ्यावरच्या नावेत विसरून निघून गेले. ते बेट शोधायचे, अशी गोष्ट.

"चालणारी बेटं?" एदेल्मिराच्या शेजारच्या फळीवरून ओरेस्तेस ओरडला. हा ओरेस्तेस म्हणजे तोंडाने चिरूट वळणारा माणूस. हात नुसते सोबतीला. "अहो, इथं आठ-आठ दिवस बस चालत नाही, आणि बेटं चालतात म्हणे!"

दालन खो खो हसले, आणि त्या हसण्यातच हात वर झाले. गाथा सुरू झाली.

एदेल्मिराला त्या गाथेने असे धरले की विचारू नका. पान कापताना ती ओठांनी ओर्दानचे शब्द पुटपुटायची. जेवणाच्या सुट्टीत काळा घेवडा आणि भात बाजूला ठेवून भांडायची, की तिसरे बेट उत्तरेला गेले की पूर्वेला. ज्या दिवशी ओर्दान संकटात, त्या दिवशी आमचे चिरूट घट्ट. तो सुखरूप असला की सैल. मुकादमाला कारण कधी कळले नाही. लुमा मात्र कोणाला फारशी आवडत नसे. ती पाण्याला घाबरायची, नावेच्या टोकाला बसून रडायची. ओरेस्तेसने तिचे नाव रडूबाई ठेवले होते.

तिसरा भाग चालू असताना एदेल्मिराचा नवरा गेला. रामिरो त्याचे नाव, मासेमारीच्या बोटीवर होता. वादळ आले, ना बोट मिळाली, ना माणसे. एदेल्मिरा तेव्हा पोटुशी होती. काही आठवड्यांनी ती कामावर परतली. घरात रडली तर सासू कोलमडायची, दालनात रडायची तिला लाज वाटायची. म्हणून ती कुठेच रडली नाही. मला ते तिच्या बोटांतून कळत होते. हात लाकडासारखे झाले होते.

आणि नेमके त्याच दिवसांत एका दुपारी पुस्तकात वादळ आले. एव्हेलिओ वाचत होता. लाट उठली, नाव पालथी झाली, लुमा कशीबशी फळीला चिकटली आणि ओर्दान पाण्याखाली गेला. एदेल्मिराचा हात माझ्यावर होता. तो थांबला. एव्हेलिओही थांबला. त्याने पाणी प्यायले, चष्मा पुसला, आमच्या फळीकडे पाहिले. मग पुन्हा वाचू लागला. पाण्याखाली ओर्दानच्या हाताला वल्हे लागले. ते धरून तो वर आला. दमलेला, पण जिवंत.

काय सांगू तुम्हाला! शेदीडशे सुऱ्या बेभान होऊन वाजल्या. एदेल्मिराने मला ठोकले नाही. दोन्ही हातांनी फळीवर दाबून धरले आणि एक लांब श्वास सोडला. मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव तिने ओर्दान ठेवले.

मला तेव्हा एक गोष्ट खटकली होती. चौथ्या आणि पाचव्या भागात एव्हेलिओ पाने उलटायचा, पण त्याचे डोळे मधूनमधून छपराकडे असायचे. मी म्हटले, पाठ झाले असेल. सुरीला कोण विचारतो? पाचव्या भागाच्या शेवटी ओर्दानने लुमाला तिच्या बेटावर पोचवले, दालनाने फळ्या फुटेस्तोवर दाद दिली आणि पुस्तके कपाटात गेली. किल्ली वाचकाकडेच असायची. गावात दुसरी प्रत नव्हती, आणि कोणाला हवीही नव्हती. पुस्तक कानांनी वाचणाऱ्याला ते हातात कशाला लागते?

पुढची वर्षे सांगण्यासारखी नाहीत. घासून घासून मी बारीक झाले. एव्हेलिओच्या डोळ्यांत पडदा आला आणि तो घरी बसला. त्याच्या जागी भिंतीवर एक पेटी लावली. ती गाणी म्हणायची, बातम्या सांगायची. तिला कोणी दाद देईना, कारण तिला ऐकू कुठे येत होते? एदेल्मिराला कारखान्याने नवी चकचकीत सुरी दिली आणि मी खणात जाऊन पडले. खणात अंधार असतो आणि डिंकाचा वास. तिथे मी मनातल्या मनात बेटे चालवायची. कोणते कुठे असेल आता, असा विचार करायची. त्यावर किती दिवस काढले ते मी मोजले नाही.

एक दिवस खण उघडला. एदेल्मिराचे केस पांढरे झाले होते. तिने मला फडक्याने पुसले आणि ओरेस्तेसला म्हणाली, "गोष्ट ऐकायला ही जुनीच बरी. नवीला कान नाहीत."

नवी वाचक आली होती! तिचे नाव यानेइसी. कॉलेज नुकतेच संपलेली, आवाज स्वच्छ, पण चौथऱ्यावर चढताना एक पायरी चुकली. तिला काही महिन्यांची परीक्षा होती. मग कामगार मत देणार, ठेवायची की घालवायची. तिने पहिल्याच दिवशी विचारले, "काय वाचू?"

"चालती बेटं," एदेल्मिरा ताडकन म्हणाली.

तरुण पोरे कुरकुरली. ओरेस्तेसही म्हणाला, "अगं बाई, शेवट पाठ आहे तुला. पुन्हा कशाला?"

"काल घेवडा-भात खाल्लास ना? मग आज कशाला बसतोस ताटावर?"

"घेवड्याला शेवट नसतो."

"तुझ्या बडबडीलाही नाही. तरी रोज ऐकतेच ना मी?"

तरुण पोरे हसली आणि मते एदेल्मिराला पडली.

मित्रांनो, दुसऱ्यांदा ऐकण्याची गंमत मला ठाऊक नव्हती. मला वाटले होते, तीच वाट, तेच खड्डे. पण पहिला भाग आटोपला तेव्हा एदेल्मिरा म्हणाली, "हा एवढाच होता? मला तर वर्षभर पुरल्यासारखा वाटला होता." धुक्याची राणी पूर्वी दुष्ट वाटायची, आता ती फक्त थकलेली बाई वाटली. बोलणाऱ्या माशाच्या विनोदाला पूर्वी सगळे हसले होते, आता एकटा ओरेस्तेस हसला आणि मग ओशाळला. एदेल्मिरा प्रत्येक गोष्टीला कान टवकारायची. "हे असं होतं? मी विसरले होते की मला तेव्हा कळलंच नव्हतं?" असे ती स्वतःलाच विचारायची. पुस्तक तेच होते. मग बदलले काय, याचे मलाही मोठे कोडे पडले. ओर्दान बोलायला लागला की मात्र तिचा चेहरा पूर्वीसारखा उजळायचा. तिचा मुलगा ओर्दान आता मोठा होऊन घोडागाडी हाकत होता आणि पाण्याला घाबरत होता, ही गोष्ट वेगळी.

तिसरा भाग आला. वादळाची दुपार आली. जुन्या माणसांनी सुऱ्या हातात घेऊन ठेवल्या, दाद द्यायला. लाट उठली. नाव पालथी झाली. ओर्दान पाण्याखाली गेला. यानेइसी वाचत राहिली. सकाळी समुद्र शांत होता. लुमा फळीला धरून हाका मारत होती. नावाड्याची टोपी तरंगत तिच्यापाशी आली. नावाडी आला नाही. प्रकरण संपले.

आणि एदेल्मिराने मला जमिनीवर टाकले.

माझ्या आयुष्यात असे कधी झाले नव्हते. फरशीवर आपटून माझ्या धारेला खाच पडली. पण धारेपेक्षा मला लाज जास्त बोचली. माझ्यामागोमाग ओरेस्तेसची सुरी पडली, मग सगळ्या जुन्या माणसांच्या पडल्या. यानेइसीचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

"खोटं वाचतेस!" एदेल्मिरा उभी राहून ओरडली. "त्याच्या हाताला वल्हं लागतं. पान खाल्लंस तू!"

"मावशी, जे लिहिलंय तेच वाचलं मी."

"आम्ही काय बहिरे होतो? एव्हेलिओनं वाचलंय हे, याच खुर्चीवरून!" ओरेस्तेस म्हणाला. "घरी लवकर जायची घाई असेल तर सांग बाई. माणसं कशाला बुडवतेस?"

यानेइसी चौथऱ्यावरून खाली उतरली. वाचकाने पुस्तक घेऊन कामगाराच्या फळीपाशी येणे आमच्याकडे कोणी पाहिलेले नव्हते. तिने ते उघडे पुस्तक एदेल्मिराच्या पुढ्यात, तंबाखूच्या पानांवर ठेवले. एदेल्मिराने हात एप्रनला पुसले आणि बोट ठेवून वाचू लागली. ज्या गाथेवर तिने आयुष्य काढले तिला ती पहिल्यांदाच हात लावत होती. बोट ओळीवरून खाली सरकत गेले. पान उलटले. पुन्हा मागे आले. टोपी तरंगत होती. वल्हे कुठेच नव्हते.

तिने पुस्तक मिटले, मला फरशीवरून उचलले, खाचेवरून अंगठा फिरवला आणि कामाला लागली. यानेइसीचे मतदान त्याच शुक्रवारी होते. ती खुर्चीवर जाऊन बसली, पण त्या दुपारी तिने पुढे वाचले नाही आणि कोणी मागितलेही नाही.

काम सुटल्यावर एदेल्मिराने मला फडक्यात गुंडाळून खिशात टाकले आणि थेट एव्हेलिओचे घर गाठले. तो दारात बसून चाचपडत घेवडा निवडत होता. पावलांवरून त्याने ओळखले.

"ये पोरी. आज चाल तिखट आहे तुझी."

"ओर्दान बुडाला," ती म्हणाली.

एव्हेलिओचे हात थांबले. मग तो हसला, पण हळूच. "अखेर बुडाला का? बरीच वर्षं तगला बिचारा."

"हसताय काय? त्याला तुम्ही वाचवलंत! पुस्तकात तो मेलेला, आणि तुम्ही आम्हाला..." तिने दारावर हात आपटला. "मी पोराचं नाव ठेवलं हो त्याचं! वादळातून परत आलेल्या माणसाचं म्हणून ठेवलं. तो तर आलाच नाही!"

"रामिरोचं नाव ठेवलं असतंस, तर काही बिघडलं असतं?"

ती रागाने निघायला वळली.

"हे बघ," एव्हेलिओ म्हणाला, "वाचता वाचता मी पान संपवून पुढच्यावर आलो आणि टोपी दिसली. मान वर केली, तर तू. पोट पुढं आलेलं, हात दगड झालेले. मला वाटलं, आज या बाईसमोर समुद्र आणखी एक माणूस खाणार, आणि तो माझ्या तोंडून? नाही जमलं मला. पाणी प्यालो आणि वल्हं दिलं त्याच्या हातात."

"आणि पुढचे दोन भाग?"

"ते नको विचारूस!" त्याने कपाळाला हात लावला. "मेलेल्या माणसाला दोन ग्रंथभर जिवंत ठेवणं म्हणजे खायचं काम आहे का? प्रत्येक पानाला प्रश्न, याला बसवू कुठं, याच्या तोंडी काय घालू? मग लुमाचं जे जे होतं ते उचलून त्याला दिलं. लुमाला म्हटलं, तू बस मागे आणि रड."

एदेल्मिरा निघायला वळली होती, ती दारातच खाली बसली. मित्रांनो, मी खिशात होते. तिचा श्वास बदललेला मला कळला.

"लुमाचं? लुमाचं काय होतं?"

"बरंच."

"म्हणजे? ती तर रडूबाई. तिनं काय केलं?"

"मी नाही सांगणार."

"एव्हेलिओ!"

"अगं, वाचक आहे ना तुमच्याकडं? तिला विचार. मी एकदा लबाडी केली तेवढी पुरे." त्याने घेवड्यातला एक खडा शोधून बाजूला टाकला. "चांगली वाचते का पोर?"

"मी तिच्यासमोर सुरी टाकली," एदेल्मिरा म्हणाली. ते तिला त्या घटकेला आठवले असावे. ती तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी यानेइसी चौथऱ्यावर चढण्याआधी एदेल्मिरा उभी राहिली आणि तिने दालनाला सगळे सांगितले. जुनी माणसे आधी चक्रावली, मग चिडली, मग त्यांच्यातली निम्मी हसू लागली.

"माझं मत एव्हेलिओच्या पुस्तकाला," ओरेस्तेस म्हणाला. "लेखकाला काय अक्कल आहे? चांगला माणूस फुकट घालवला."

यानेइसीने ओठ चावला. शुक्रवार तिच्या डोळ्यांसमोर होता. "तुम्ही सगळे म्हणाल तर," ती म्हणाली, "मी एव्हेलिओकाकांसारखं वाचते. ते काय काय बोलायचे ते मला सांगा. ओर्दानला वर काढता येईल. मला जमेल."

सगळ्यांनी एदेल्मिराकडे पाहिले. मी तिच्या हाताखाली होते. तिने नुसते हो म्हटले असते, तरी तिचा नावाडी परत आला असता, पोरीची नोकरी पक्की झाली असती आणि सगळे आनंदात चिरूट वळत बसले असते. मला कबूल केले पाहिजे, मलाही तो नावाडी हवा होता. पण लुमाने काय केले, ते कळल्याशिवाय मला खणात परत जायचे नव्हते.

"नको पोरी," एदेल्मिरा म्हणाली. "त्याला बुडू दे. नीट वाच. काल मी ऐकलंच नाही."

यानेइसीने वादळ पहिल्यापासून वाचले. लाट उठली, नाव पालथी झाली, टोपी तरंगत आली. या वेळी एदेल्मिरा रडली. तोंड न झाकता, सगळ्यांसमोर, रामिरोसाठी इतक्या वर्षांचे साठलेले रडली. ओरेस्तेसने आपल्या थर्मासमधली कॉफी तिच्यापुढे सरकवली आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. शुक्रवारी मतदान झाले. यानेइसी राहिली. ओरेस्तेसने दोन्ही हात वर केले, आणि एकच मोजला म्हणून मुकादमाशी भांडला.

मग चौथा भाग निघाला.

त्या दुपारी एदेल्मिराचा मुलगा आपल्या घोडागाडीतून एव्हेलिओला घेऊन आला. म्हाताऱ्याला चौथऱ्याजवळ बसा म्हटले, तर तो ऐकेना. तो आमच्या फळीपाशी एका तिपाईवर बसला, कामगारांमध्ये. डोळ्यांनी त्याला दालन दिसत नव्हते. त्याने वास घेतला आणि मान डोलावली.

यानेइसी वाचू लागली. कशीबशी सरळ केलेल्या नावेत लुमा एकटी होती. तिने वल्हे हातात घेतले, ते उलटे होते. नाव गोल गोल फिरली. हाताला फोड आले, फुटले. ती रडत होती, हे खरे. पण रडता रडता वल्हवत होती. पाण्याला कान लावला, तर काही ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी खोलवरून एक आवाज आला, कोणीतरी जड पावलांनी चालल्यासारखा. एक म्हातारे कासव वर आले आणि तिला म्हणाले, मुली, तुला वल्हवता येत नाही, परत जा. लुमा म्हणाली, "मला येत नाही हे मला ठाऊक आहे. समुद्राला कुठे ठाऊक आहे?"

ते वाक्य माझ्या ओळखीचे होते. एव्हेलिओने ते ओर्दानच्या तोंडी घातले होते आणि तेव्हा ते एका पटाईत नावाड्याची थट्टा वाटले होते. त्या फोड आलेल्या मुलीच्या तोंडी ते निराळेच निघाले. एदेल्मिराने आपले दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. या हातांनी तिने एकटीने पोर वाढवले होते, सासूला जपले होते, आणि हे सगळे कोणीतरी मागून वल्हवतो आहे असे समजून.

"ही इथंच होती?" ती एव्हेलिओला हळूच म्हणाली. "एवढी वर्षं? आणि मी तिला रडूबाई म्हणत होते?"

एव्हेलिओचे डोळे वाहत होते. त्याने हात पुढे केला, रिकामा. एदेल्मिराने क्षणभर त्या हाताकडे पाहिले आणि मला त्यात ठेवले.

मऊ हात होता तो. त्याने कधी चिरूट वळला नव्हता. जन्मभर त्याने चौथऱ्यावर बसून आमची दाद घेतली होती. द्यायला त्याच्याकडे सुरीच नव्हती. त्याने मला उचलले आणि फळीवर ठोकले. आवाज फुसका निघाला.

"उलटी धरलीत, एव्हेलिओ!" ओरेस्तेस म्हणाला.

त्याने मला सरळ केले आणि पुन्हा ठोकले, लुमासाठी. मग एकामागून एक सगळ्या सुऱ्या बोलू लागल्या, आणि वर खुर्चीत बसलेल्या यानेइसीने पुस्तक छातीशी धरून मान खाली घातली.

मित्रांनो, मी आता फार झिजले आहे. पुढच्या धारेला मी उरेन की नाही, सांगता येत नाही. म्हणून एवढेच मागणे मागते. आवडती पुस्तके आणि म्हातारे वाचक, दोघांनाही कपाटात बंद करून विसरू नका. पुन्हा त्यांच्याकडे जा. तुमचे लाडके माणूस तिथे भेटेलच असे नाही. तेव्हा माझ्यासारखे चिडून खाली पडू नका. नाव तरीही पुढे चालली असेल, तर ती कोण वल्हवते आहे, ते नीट ऐका.